किडकं पान

सासूबाई दवाखान्यातून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला दवाखान्यात हजर झाल्या.

चौतीस वर्षं त्यांनी दातांची डॉक्टरकी केली होती. खांदा धरायला लागला म्हणून सगळं मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हवाली केलं. पण पेशंटच्या खुर्चीमागची जागा काही त्यांना सोडवेना. नवरा कुणाच्या तोंडात आरसा घालायचा आणि त्या मागे उभ्या राहून नुसतं "हं" म्हणायच्या. त्या "हं"चा अर्थ कुणाला लागायचा नाही, पण पेशंट खुर्चीचे हात घट्ट धरायचे. हळूहळू लोक मान वळवून सासूबाईंच्याच दिशेनं आ वासायला लागले. महिन्याभरात नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मग त्यानं एक शक्कल लढवली. लाकडाच्या वखारीमागे एक मिस्त्री लाकडात उठावाचं काम शिकवतात, पानं, फांद्या, अख्खी झाडं, असं त्याच्या कानावर आलं होतं. आईचा हात बारीक कामाला सरावलेला आहे, तिचा जीव रमेल, असं म्हणून त्यानं फॉर्म भरून टाकला. एक नाही, दोन. दुसरा माझा होता. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, दुपारी दोनला सुटते, त्यामुळे मला वेळच वेळ आहे असं घरात सगळ्यांचं मत आहे. तू बरोबर असलीस तर आई तिसऱ्या दिवशी मास्तरांशी भांडून परत येणार नाही, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. म्हणजे ते भांडण वाटेत माझ्याशी होणार, हे त्यानं बोलून दाखवलं नाही.

वखारीमागची ती जागा म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड होती. एका बाजूला सलग खिडक्या, त्यांच्याखाली चार जाड टेबलं, प्रत्येकाला फळी आवळून धरायचा लोखंडी शिकंजा. भिंतीवर पटाश्या ओळीनं लावलेल्या, सरळ धारेच्या वेगळ्या, गोल धारेच्या वेगळ्या. जमिनीवर लाकडाच्या ढलप्या इतक्या की चालताना पापडावरून चालल्यासारखा आवाज यायचा. मिस्त्री साठीला टेकलेले, उंच, खांद्यात जरा वाकलेले. त्यांनी सासूबाईंना दारात पाहिलं आणि हातातली मोगरी हळूच खाली ठेवली. मला वाटलं, आदरानं.

मिस्त्रींनी सुरुवातीपासून समजावून सांगितलं. आधी फळीवर पान काढायचं. मग त्या रेषेवरून पटाशी चालवायची. मग पानाभोवतीची जमीन, म्हणजे मोकळं लाकूड, अर्धं बोट खाली न्यायची, म्हणजे पान आपोआप वर उठतं. आणि शेवटी त्या उठलेल्या पानाला आकार द्यायचा. लाकडाचे रेशे ज्या बाजूला धावतात त्या बाजूनं जायचं, उलटं गेलं की ढलपी निघालीच म्हणून समजा. हे सगळं ते तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बोलत होते. उजव्या गालात लवंग होती, तिचा वास मोगरीच्या प्रत्येक ठोक्याला यायचा.

परत येताना सासूबाई रस्ता ओलांडता ओलांडता म्हणाल्या, "वरचा, उजवीकडचा, मागून दुसरा. पार गेलाय."

कोण गेलंय, असं मी घाबरून विचारलं, तर म्हणे मास्तरांचा दात. मग सांगून टाका ना त्यांना, असं मी सुचवलं. त्यावर त्यांनी मला एक तत्त्व ऐकवलं. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाला हाताला धरून खुर्चीत बसवलेलं नाही. ज्याचं दुखतं त्यानं यावं.

तत्त्व ठीक होतं, पण डोळे कसे आवरणार? मिस्त्री समोर आले की सासूबाईंची नजर त्यांच्या पटाशीवर न राहता सरळ गालावर जायची. मिस्त्रींनाही ते कळत असावं, कारण ते कायम आपला डावा गाल आमच्याकडे ठेवून वावरायचे. माझ्या टेबलाकडून सासूबाईंच्या टेबलाकडे यायचं तर सरळ दोन पावलं होती. ते शेडला पूर्ण वळसा घालून खेकड्यासारखे तिरके यायचे.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःची पिशवी घेऊन आल्या. तिच्यातून कपाळाला बांधायचा दिवा निघाला, लांब दांडीचा चिमुकला आरसा निघाला, भुसा उडवायला रबरी फुगा निघाला आणि टोकदार हत्यारांचा एक अख्खा डबा निघाला. डबा उघडल्याचा खट्ट आवाज झाला तेव्हा मिस्त्री शेडच्या दुसऱ्या टोकाला होते. ते तिथूनच म्हणाले की इथं फक्त इथली हत्यारं चालतात. सासूबाईंनी डबा मिटला, पण दिवा काढला नाही.

पटाशी त्यांनी कधी मुठीत धरलीच नाही. पेनासारखी चिमटीत धरायच्या, करंगळी फळीवर टेकवायची, आणि डाव्या अंगठ्यानं फळीची कड अशी बाजूला दाबायची, जसा आपण कुणाचा ओठ धरून ठेवतो. एक कण काढला की फूं. आरसा. पुन्हा एक कण. बाकी लोक पटाशीनं साली काढायचे, त्या नुसती पूड काढायच्या. आणि पंधरा दिवसांनी त्यांच्या फळीवर जी चार पानं उठली, ती शेजारी शेजारी ताठ उभी, खाली रुंद, वर धारदार, गुळगुळीत आणि स्वच्छ होती. कुणीही डोळे मिटून सांगितलं असतं की हे पुढचे दात आहेत. फळीवर त्यांनी एक झाडही काढून ठेवलं होतं, खोडाखाली तीन मुळांसकट. झाडाची मुळं कधी दिसतात का, असं मिस्त्रींनी नम्रपणे विचारलं. दिसत नाहीत म्हणून तर पुढे त्रास होतो, असं उत्तर मिळालं.

माझं पान त्याच सुमारास पानासारखं दिसायला लागलं. यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. सांगतील तेवढंच आणि सांगतील तसंच करायचं, ही सवय मला लग्नानंतर लागली आहे. मिस्त्रींनी माझी फळी उजेडात धरली आणि म्हणाले, धाकट्या बाईंना जमलं. मला तेव्हाच वाटलं की हे त्यांनी मनात ठेवलं असतं तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी जेवताना सासूबाई पोळीचे कणाकणाएवढे तुकडे करत बसल्या. सासरे ताटात मान घालून जेवत होते. नवऱ्यानं मला खुणेनं विचारलं की काय झालं, मी खुणेनं सांगितलं की तुझ्यामुळे झालं.

खरी ठिणगी मात्र किडीवरून पडली.

मिस्त्री बाहेरून वाळकी पानं वेचून आणायचे आणि ती समोर ठेवून आम्हाला काम करायला लावायचे. एकदा ते म्हणाले की झाड कोरायचं तर दर दहा पानांत एक तरी किडीनं खाल्लेलं हवं. कुठे भोक, कुठे कुरतडलेली कड. नाहीतर ते झाड बिस्किटाच्या डब्यावरचं वाटतं. मोठ्या बाईंची पानं सुबक आहेत, पण फार निरोगी आहेत, त्यांनी एक किडकं करून पाहावं.

सासूबाईंनी पटाशी खाली ठेवली, कपाळावरचा दिवा विझवला आणि म्हणाल्या, "मिस्त्री, चौतीस वर्षं मी कीड काढली. आता या हातानं कीड घालू?"

मिस्त्री म्हणाले की ही लाकडातली कीड आहे. सासूबाई म्हणाल्या की कीड ती कीड, आणि ती असून नसल्यासारखं करणाऱ्यांचं पुढे काय होतं हे त्यांनी पुष्कळ पाहिलंय. हे म्हणताना त्यांनी कुठे पाहिलं ते सांगायला नको. मिस्त्रींचा हात नकळत गालाकडे गेला आणि अर्ध्यातून कानामागच्या पेन्सिलीकडे वळला. त्यानंतर महिनाभर दोघांत किडीचा विषय निघाला नाही.

अशात मिस्त्रींना सार्वजनिक वाचनालयाचं काम मिळालं. तिथल्या वाचनकक्षाच्या भिंतीवर लावायला एक झाड हवं होतं, चार फळ्या जोडून केलेलं, माणसापेक्षा उंच. खोड आणि मोठ्या फांद्या मिस्त्रींनी स्वतः केल्या. माझ्याकडे डावीकडची पानं आली. सासूबाईंना पानांमागची जमीन खाली न्यायचं काम दिलं, ज्यात आकार असा काही नव्हता. त्यांनी ते निमूटपणे घेतलं. त्या निमूट राहिल्या म्हणजे त्यांना किती लागलं असेल, ते मला कळलं. झाड द्यायला आठ दिवस राहिले, उजवीकडच्या खालच्या फांद्यांची पानं नुसती ठोकळ्यासारखी होती, आणि सोमवारी मिस्त्री गळपट्टा गुंडाळून आले. गळपट्ट्याच्या वर उजवा गाल भोपळ्यासारखा सुजला होता. मान खाली घातली की ठणका डोक्यात जात होता, आणि मान खाली घातल्याशिवाय लाकडात काही करता येत नाही. त्यांच्यामागून त्यांच्या घरच्या आल्या. त्यांनी सासूबाईंना हात जोडले आणि सांगितलं की रात्रभर हे घरात येरझारा घालत होते, डॉक्टरांचं नाव काढलं की मोरीत जाऊन कडी लावून घेत होते.

"मी आपण होऊन पाहणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्यांनी म्हणायला हवं."

मिस्त्री पुढे आले. स्टुलावर बसले, डोळे गच्च मिटले आणि जमेल तेवढं तोंड उघडलं. सासूबाईंनी दिवा लावला. डब्यातला आरसा काढून वखारीच्या नळावर दोनदा धुतला. मग वाकल्या, आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. शेडमध्ये सगळ्यांची मोगरी थांबली होती.

"सायकल बाजूला लावून झाली का?" त्यांनी विचारलं.

आम्हाला कुणाला काही कळेना. मिस्त्रींना कळलं, कारण त्यांचे कान लाल झाले. बावीस वर्षांपूर्वी हेच मिस्त्री याच दातासाठी सासूबाईंच्या खुर्चीत बसले होते. आधीच्या खेपेला दात निम्मा कोरून झाला होता, वर तात्पुरतं सिमेंट घातलं होतं, आणि त्या सुई घ्यायला वळल्या तेवढ्यात, सायकल रस्त्यात लावली आहे, बाजूला लावून येतो, असं सांगून हे जे गेले ते गळ्यात बांधलेल्या दवाखान्याच्या रुमालासकट गेले. सासूबाईंना चेहरे लक्षात राहत नाहीत. पण सिमेंट कधीच पडून गेलेल्या त्या दाताच्या आत त्यांनी स्वतः पाडलेली कड अजून होती, आणि ती त्यांनी ओळखली. मिस्त्रींनी मात्र त्यांना पहिल्याच दिवशी दारात ओळखलं होतं. मोगरी खाली ठेवली ती आदरानं नव्हती.

दात वाचण्यासारखा राहिला नव्हता. पण सूज उतरल्याशिवाय काढता येणार नाही, चार दिवस गोळ्या घ्या, असं सासूबाईंनी सांगितलं आणि गोळ्या मिस्त्रींच्या नाही, त्यांच्या घरच्यांच्या हातात दिल्या. या चार दिवसांत सायकलीला हात लावू द्यायचा नाही, एवढी एक सूचना वर केली.

मिस्त्री रोज यायचे आणि स्टुलावर ताठ बसून राहायचे. जबडा उघडत नव्हता, त्यामुळे शिकवणं बंद. आणि इथेच गंमत झाली. आतापर्यंत मिस्त्री एक वाक्य बोलले की सासूबाईंची दोन तयार असायची. आता समोरून वाक्यच येईना. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं की मिस्त्री शांतपणे आपल्या गालाकडे बोट दाखवायचे. न बोलणाऱ्या माणसाशी भांडायची सवय सासूबाईंना नव्हती. दवाखान्यात समोरचा बोलत नसे, पण तिथे भांडणही नसे.

मंगळवारी मिस्त्रींनी खिशातून एक वाळकं पान काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. मधोमध कीड लागलेलं, एक कड आत वळलेली. मग उजवीकडच्या खालच्या फांदीवर एका ठोकळ्याला खडूनं फुली मारली आणि स्टुलावर जाऊन बसले. सासूबाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी गालाकडे बोट दाखवलं.

सासूबाईंनी पान उचललं. आरसा त्याच्याखाली धरून खालची बाजू पाहिली. उजेडासमोर धरलं. बोटाच्या पेरानं भोकाची कड चाचपली. मला म्हणाल्या, हे वरून सुरू झालेलं नाही, खालून आलंय. मग त्यांनी भिंतीवरच्या पटाशीकडे न पाहता स्वतःचा डबा उघडला. मिस्त्रींनी मनाई केली नाही. कशी करणार?

सासूबाई दुपारभर फुली मारलेल्या त्या एका पानावर होत्या. आधी त्यांनी पान पातळ केलं, कडेला तर इतकं की मला श्वास घ्यायची भीती वाटली. मग वर सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं. आणि त्या भोकातून वाकड्या हत्यारानं आतलं लाकूड कोरत गेल्या, वरचा पापुद्रा तसाच ठेवून. बाहेरून बिचारं चांगलं पान, आणि आत पोकळ खोली. वरचा पापुद्रा एका जागी त्यांनी मुद्दाम खचू दिला. त्याची कड खडबडीत ठेवली. कीड कशी लागते, कुठून शिरते, किती दिवस कुणाला कळत नाही आणि मग एका दिवसात कशी सगळं खाली आणते, हे त्या शेडमध्ये त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. एकदाही हत्यार निसटलं नाही. एकदाही ढलपी उडाली नाही.

मिस्त्री उठून आले. या वेळी वळसा न घालता आले. त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, ठणका लागला, मग फळीसमोर गुडघे टेकून बसले आणि त्या भोकात फुंकर मारून पाहिली. खडू घेतला आणि झाडावर आणखी सहा फुल्या मारल्या.

मी माझी पानं करत होते. ती आता मला जरा मठ्ठ वाटायला लागली.

शुक्रवारी सूज उतरली आणि मिस्त्री दवाखान्यात आले, एका बाजूला त्यांच्या घरच्या, दुसऱ्या बाजूला मी. नवऱ्यानं सगळी तयारी ठेवली होती. मिस्त्री खुर्चीत बसले, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राग मानू नका डॉक्टर. पण हे मोठ्या बाईंनी करावं."

सासूबाई म्हणाल्या की त्या निवृत्त झाल्या आहेत, मुलाचा हात त्यांच्यापेक्षा चांगला आहे. हे वाक्य नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

"असेल," मिस्त्री म्हणाले. "मी त्यांचा हात पाहिलेला नाही. बाईंचा तीन महिने रोज पाहिलाय. पान येत नव्हतं तेव्हाही हत्यार कधी निसटलं नाही."

सासूबाई वळल्या आणि हात धुवायला गेल्या. जरा जास्तच वेळ धूत होत्या. परत आल्या तेव्हा नवरा खुर्चीमागे जाऊन उभा राहिला होता. मागे उभं राहून "हं" करायचं नाही, अशी त्याला ताकीद मिळाली. मिस्त्रींना त्यांनी एवढंच सांगितलं की लाकडासारखं पडून राहा. मिस्त्री म्हणाले की लाकडाला सुई टोचत नाहीत. ते त्यांचं शेवटचं वाक्य, कारण पुढच्या क्षणी टोचली होती.

दात तिन्ही मुळांसकट एकसंध निघाला. मिस्त्रींनी खुणेनं तो मागितला. कापूस दाताखाली दाबून त्यांनी तो बोटांत धरून सगळ्या बाजूंनी फिरवला, एका मुळावरून नख ओढून पाहिलं, आणि कापसातून जे काही म्हणाले त्याचा अर्थ त्यांच्या घरच्यांनी आम्हाला सांगितला. मुळं जोडल्याचा सांधा कुठेच दिसत नाही, असं ते म्हणत होते.

झाड वेळेवर पूर्ण झालं. पुढच्या मंगळवारी ते वाचनालयात नेऊन भिंतीला लावलं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पावती घ्यायला मिस्त्री, सासूबाई आणि मी असे तिघं गेलो. वाचनकक्षात शिरलो तर तिथला शिपाई शिडीवर चढून उजवीकडच्या खालच्या फांदीशी काहीतरी करत होता. खाली बाटली होती आणि तिला औषधाचा उग्र वास होता. व्यवस्थापक शिडी धरून उभे होते. त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की काम सुंदर आहे, पण लाकडात कीड निघाली, सात ठिकाणी. इथं हजारो पुस्तकं आहेत, उद्या ती पुस्तकांत शिरली तर? म्हणून तातडीनं भोकांत औषध भरतोय.

मिस्त्रींनी सासूबाईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

त्यांनी व्यवस्थापकांना काही समजावून सांगायच्या आधी शिपायाला खाली उतरवलं आणि त्याच्या हातातली औषधाची पिचकारी कशी धरायची ते दाखवलं. मग मिस्त्रींनी उलगडा केला. व्यवस्थापकांचा विश्वास बसेना. ते स्वतः शिडीवर चढले, भोकात काडी घालून पाहिली, नाक लावून वास घेतला, बाकीच्या पानांवर टकटक करून कान लावला. उतरले तेव्हा त्यांच्या नाकाला औषध लागलं होतं. आमचं म्हणणं मान्य आहे असं म्हणाले, पण कागदावर सगळं स्पष्ट हवं. त्यांनी पावती लिहिली: एक लाकडी झाड मिळाले, पैकी सात पाने कीडग्रस्त.

सासूबाईंनी ती वाचली आणि "ग्रस्त" काढा म्हणाल्या. मग काय लिहू, असं व्यवस्थापकांनी विचारलं. थोडी घासाघीस होऊन "सात पाने किडकी, मुद्दाम केलेली" यावर तडजोड झाली. "मुद्दाम"मधला उकार त्यांनी दीर्घ काढला होता, तो मी ऱ्हस्व करून दिला.

खाली कारागिराची सही हवी होती. मिस्त्रींनी आपली केली आणि पेन सासूबाईंपुढे सरकवलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. सही मात्र औषधाच्या चिठ्ठीवर करतात तशीच केली, एक रेघ आणि एक वेटोळं. व्यवस्थापकांनी ती सरळ धरून वाचली, तिरकी धरून वाचली, आणि शेवटी चष्मा वर सरकवून पुढे कंसात आपल्या हातानं लिहून टाकलं: कीड यांची.